‘बैलाचे रक्त’ नागपुरात केवढ्याला?

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा 27 जानेवारी 2026 रोजी नवी दिल्लीत झाली, तेव्हा सर्वसामान्य वाचकाचे लक्ष प्रामुख्याने दोन गोष्टींनी वेधून घेतले. एक युरोपीय मोटारी आणि दुसरी युरोपीय वाइन. वाइनवरील 150 टक्के आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरवत मध्यम किमतीच्या वाइनसाठी 30 टक्क्यांवर आणि उंची वाइनसाठी 20 टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले. साहजिकच आता फ्रान्स-इटलीची वाइन स्वस्त होणार, अशा मथळ्यांचा पूर आला. मात्र फ्रान्स आणि इटली ही या प्रश्नाची खरी कसोटी नव्हे. त्या देशांच्या नावालाच किंमत असते आणि ती देणारा ग्राहक शुल्काकडे फारसे पाहत नाही. खरी कसोटी आहे ती हंगेरीसारख्या देशाची. तेथील लाल वाइनची ओळख प्रतिष्ठेपेक्षा परवडण्याजोग्या दरासाठी अधिक आहे. बुडापेस्टमध्ये शिक्षक वा कारकून संध्याकाळच्या जेवणाबरोबर जी बाटली सहज उघडतो, ती नागपुरात धरमपेठेतल्या किंवा प्रतापनगरातल्या घरी पोहोचेपर्यंत परवडणारी राहते काय? आणि तेवढे पैसे मोजल्यावर तिच्यात नेमके काय आहे, हे ग्राहकाने ओळखावे कसे?

आधी हिशेब पाहू. सोयीसाठी एक युरो म्हणजे 100 रुपये धरले आणि हंगेरीतील एक साधी, सचोटीने केलेली लाल वाइन भाडे-विम्यासह भारतीय बंदरात 3 युरोंना उतरली असे मानले, तर तिची आयात किंमत 300 रुपये होते. त्यावर 150 टक्के म्हणजे 450 रुपये शुल्क. गोदीतून बाहेर पडतानाच ती 750 रुपयांची झाली. या 150 टक्क्यांची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. 2021 च्या अर्थसंकल्पात मूळ सीमाशुल्क 50 टक्क्यांवर आणून उरलेले 100 टक्के ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर’ या नावाने लावण्यात आले. म्हणजे परदेशी वाइनच्या ग्राहकाकडून घेतलेल्या शुल्कातला मोठा वाटा कागदोपत्री तरी शेतीच्या नावावर जमा होतो. बंदराबाहेर पडल्यावर राज्याचे शुल्क आणि मूल्यवर्धित कर, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा नफा, मुंबईहून नागपूरपर्यंतची वाहतूक हे सारे चढत जाते. दुकानाच्या फळीवर तो आकडा दुप्पट झाला तर नवल नाही. खुद्द हंगेरीत मूल्यवर्धित कर 27 टक्के, म्हणजे युरोपीय संघात सर्वाधिक आहे आणि तेथील नागरिक त्याबद्दल कुरकुरतात. नागपूरकराला ही कुरकूर चैनीची वाटेल.

नव्या करारातील 30 टक्क्यांचा टप्पा गाठल्यावर याच बाटलीवरचे शुल्क 90 रुपये होईल आणि ती 390 रुपयांत बंदराबाहेर पडेल. फरक मोठा आहे. परंतु करारात एक मेख आहे. अडीच युरोंपेक्षा कमी किमतीच्या वाइनला सवलत नाही. म्हणजे 2 युरो 40 सेंटची बाटली 240 रुपये अधिक 360 रुपये शुल्क अशी 600 रुपयांना पडेल, तर तिच्याहून महाग असलेली 3 युरोंची बाटली 390 रुपयांना! स्वस्त माल महाग आणि महाग माल स्वस्त, असा हा उफराटा न्याय आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या आणि 29 डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या करारातही हेच तत्त्व होते. तेथे किमान मर्यादा बाटलीमागे 5 डॉलर ठेवण्यात आली. हेतू उघड आहे. नाशिक-सांगलीतील उत्पादकांचा तळाचा बाजार परदेशी स्वस्त मालाने बुडू नये, हा. तो हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्यामुळे होणारी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सवलत मिळवण्यासाठी सव्वादोन युरोंची वाइन कागदावर पावणेतीन युरोंची करण्याचा मोह निर्यातदार आणि आयातदार दोघांनाही होईल. किंमत वाढली म्हणजे दर्जा वाढला, हे समीकरण ग्राहकाने तेव्हा तरी मनातून काढून टाकलेले बरे.

मग दर्जा कशावरून ठरवायचा? त्यासाठी हंगेरीच्या सर्वांत प्रसिद्ध लाल वाइनची कथा उपयोगी पडते. तिचे नाव ‘एग्री बिकावेर’, म्हणजे एगेर गावचे बैलाचे रक्त. 1552 मध्ये तुर्कांच्या प्रचंड सैन्याने एगेरच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार इश्तवान डोबो याच्या मूठभर शिबंदीने तो परतवला. लढणाऱ्यांच्या दाढ्यांवरून ओघळणारी लाल वाइन पाहून हे लोक बैलाचे रक्त पिऊन लढतात अशी तुर्कांची समजूत झाली, अशी आख्यायिका आहे. गडकिल्ल्यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला अशा आख्यायिकेचे मोल आणि तिची विश्वासार्हता या दोहोंमधला फरक सांगावा लागत नाही. बिकावेर हा शब्द लेखी सापडतो तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे वेढ्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. बाटलीत मात्र फक्त द्राक्षे असतात, बैलाचा संबंध नावापुरताच.

तथापि या नावाने पुढे जे भोगले ते आख्यायिकेपेक्षा बोधप्रद आहे. कम्युनिस्ट राजवटीत सरकारी तळघरांमधून बिकावेर प्रचंड प्रमाणात निघू लागली. पश्चिम युरोपातील दुकानांत ‘बुल्स ब्लड’ या इंग्रजी नावाने ती स्वस्तात विकली जाई. परकीय चलन मिळाले, पण दर्जा घसरला आणि चांगल्या नावावर पातळ, आंबट पेयाचा शिक्का बसला. 1990 नंतर जमिनी आणि तळघरे खासगी हातांत आल्यावर उत्पादकांनी नियम बांधून घेतले. किमान तीन जातींचे मिश्रण असावे, वरच्या श्रेणीत किमान पाच, आणि त्याचा कणा ‘केकफ्रान्कोश’ या जातीचा असावा, असे आज तेथे बंधन आहे. एगेर आणि दक्षिणेतील सेक्सार्द या दोनच प्रदेशांना हे नाव वापरता येते. तरीही जुना शिक्का पुरता पुसलेला नाही आणि म्हणूनच ही वाइन तिच्या गुणांच्या मानाने आजही स्वस्त मिळते. परवडणाऱ्या वाइनच्या शोधात असलेल्याला अशा बदनाम झालेल्या आणि नंतर सुधारलेल्या नावांइतका दुसरा चांगला आधार नाही.

केकफ्रान्कोश हेच द्राक्ष ऑस्ट्रियात ब्लाउफ्रान्किश म्हणून ओळखले जाते. पाठ्यपुस्तके तिचे वर्णन आंबट चेरी आणि काळी मिरी असे करतात. आंबट चेरी नागपूरच्या बाजारात मिळत नाही, पण पिकलेले करवंद आणि जांभूळ यांच्या मध्ये कुठेतरी ती चव कल्पिता येईल. जांभळाची जीभ आखडणारी तुरटी थोडी, करवंदाचा आंबटपणा अधिक. तिचा रंग काळसर नसतो. माणकासारखा लाल असतो आणि पेल्यातून पलीकडची अक्षरे अंधुक का होईना दिसतात. आपल्याकडे दाट रंग म्हणजे चांगली वाइन असा एक समज रूढ आहे. तो या वाइनच्या बाबतीत तरी सोडून द्यावा लागतो.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कडेचा रंग दिसतो. नव्या वाइनमध्ये तो जांभळट, जुनी होत गेली की विटकरी. तीन-चार वर्षांपूर्वीची, साध्या श्रेणीतली बाटली तपकिरी कडा दाखवू लागली तर तिचे वय झाले, किंवा तिला ऊन लागले. मग वास. वाइनच्या वासाबद्दल फार काव्य केले जाते आणि त्यामुळे अनेकांना उगाच न्यूनगंड येतो. वस्तुतः स्वस्त वाइनच्या बाबतीत प्रथम शोधायचे ते दोष. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघरातल्या बुरशीचा वास आला तर बूच खराब आहे. शिरक्याचा झणका आला तर वाइन आंबली आहे. साखरेत शिजवलेल्या फळाचा, मुरांब्यासारखा जड वास आला तर ती वाटेत कुठेतरी तापली आहे. यांपैकी काही नसेल आणि फळाचा स्वच्छ वास येत असेल, तर निम्मी परीक्षा उत्तीर्ण. चाखताना पाहायचा तो तोल. आंबटपणा, तुरटपणा, मद्याची ऊब आणि फळाची चव यांपैकी एकच गोष्ट बाकीच्यांवर कुरघोडी करीत नसेल तर त्या किमतीत आणखी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. गिळल्यानंतर चव जिभेवर किती वेळ रेंगाळते यावर थोर वाइनची पारख करतात. 3 युरोंच्या बाटलीने तेथे कमी गुण मिळवले म्हणून तिला नापास करण्याचे कारण नाही.

फसगत होते ती गोडव्यात. स्वस्त लाल वाइनमध्ये उरलेली साखर अनेक दोष झाकते. गोव्याच्या ‘पोर्ट’वर ज्यांची वाइनशी पहिली ओळख झाली, त्या पिढीला तर लाल वाइन गोडच असते असे वाटते. हंगेरीच्या बाटलीवर याचे उत्तर लिहिलेले असते, फक्त ते मग्यार भाषेत असते. ‘साराझ’ म्हणजे कोरडी, ‘फेल-साराझ’ निमकोरडी, ‘फेल-एदेश’ निमगोड आणि ‘एदेश’ गोड. बिकावेर ही कोरडीच असते. त्याच फळीवर शेजारी ठेवलेली, जवळजवळ तशाच चित्राची निमगोड लाल वाइन निराळी असते. घरी गेल्यावर हा फरक कळून उपयोग नाही.

जेवणाबरोबरच्या जोडीचा प्रश्न नागपुरात अधिकच रंजक होतो. हंगेरीचा स्वयंपाक लाल मिरचीवर उभा आहे. सेगेद आणि कालोचा या गावांची पाप्रिका म्हणजे तेथील भिवापुरी. सेगेद विद्यापीठातील आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळवले ते याच मिरचीतून. त्यांना 1937 चे नोबेल मिळाले. मिरची मूळची अमेरिकेची. तिकडे ती तुर्कांच्या राजवटीत रुजली, इकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. मात्र पाप्रिका बहुधा गोडसर असते, सावजीचा रस्सा तसा नसतो. तिखटाने भाजलेल्या जिभेला टॅनिनचा तुरटपणा आणि मद्याची ऊब दोन्ही दुप्पट लागतात. त्यामुळे ओकच्या पिंपात मुरलेली, जड, साडेचौदा टक्क्यांची महागडी लाल वाइन सावजी मटणाबरोबर घेणे हा पैशांचा आणि मटणाचा दोहोंचा अपमान आहे. कमी तुरट, आंबटपणाने ताजी राहणारी, थोडी गार केलेली केकफ्रान्कोश तेथे अधिक टिकाव धरते. अर्थात अस्सल, तेलाचा तवंग आलेल्या सावजीपुढे कोणत्याही वाइनने फार बढाया मारू नयेत. वऱ्हाडी पद्धतीचे भरले वांगे किंवा साधे भाजलेले मटण हा तिच्यासाठी अधिक बरोबरीचा जोडीदार.

थोडी गार केलेली, हे शब्द नागपुरात विशेष महत्त्वाचे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा नियम युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा आहे. त्याचा अर्थ 16 ते 18 अंश. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या शहरातली खोली त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती. नागपुरात लाल वाइनसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी. पण फ्रिज फक्त शेवटच्या अर्ध्या तासाचा प्रश्न सोडवतो. हंगेरीला समुद्रकिनारा नाही. तेथून निघालेली बाटली आधी रस्त्याने वा रेल्वेने परदेशी बंदर गाठते, मग आठवडेच्या आठवडे जहाजात काढते, न्हावा-शेवाला उतरते आणि मराठवाडा-विदर्भातून नागपूरला येते. 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्याने शेवटच्या टप्प्याचे तास घटले, पण ऊन घटलेले नाही. तिशीपुढच्या तापमानात आठवडे गेले की वाइन अकाली म्हातारी होते. द्रव प्रसरण पावून बूच वर सरकते, कडेने चिकट ओघळ दिसतो. दुकानात बाटली हातात घेतल्यावर वेष्टण वर फुगलेले वा चिकट नाही ना, हे पाहायला एक पैसाही लागत नाही.

आणि दुकान कसले? महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ ही पाटी असते त्या दुकानात व्हिस्की, रम आणि बिअर विकली जाते. वाइनच्या वाट्याला बहुधा एखादी फळी, तीही दिव्याखालची आणि उभ्या बाटल्यांची. वाइन धान्य-किराण्याच्या मोठ्या दुकानांत ठेवू द्यावी, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 27 जानेवारी 2022 रोजी घेतला होता. म्हणजे युरोपीय कराराच्या घोषणेच्या बरोबर चार वर्षे आधी, त्याच तारखेला. किमान एक हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटपुरती ती परवानगी होती आणि दारूबंदीचे जिल्हे वगळले होते. त्यावर विधिमंडळाबाहेर आणि आत जे वादळ उठले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, त्यात निर्णय अंमलात आलाच नाही. वाइन म्हणजे दारू की दारू नव्हे, एवढ्यावरच चर्चा अडकली. उत्तर सोपे आहे. वाइन ही दारूच आहे. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ या दिवाणखान्यातील दाव्यालाही आता आधार उरलेला नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टपणे मांडली. मग ती सुपरमार्केटात यावी की नाही, हा स्वतंत्र प्रश्न. नागपूरला तर तो अधिक टोचतो, कारण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याच्या वारशामुळे दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून आहे आणि चंद्रपूरची 2015 मधील बंदी 2021 मध्ये उठवण्यात आली. ज्या शहराच्या सीमेवर हा वाद आजही जिवंत आहे, तेथे वाइनकडे केवळ चवीचा विषय म्हणून पाहता येत नाही.

या साऱ्यात ज्याचे खरोखर काही पणाला लागले आहे तो मात्र नागपुरात नाही, नाशिक-सांगलीच्या शिवारात आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या, 2010 मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मधल्या काळात 2008-09 च्या मंदीत मागणी कोसळली, तेव्हा वाइनच्या जातींची द्राक्षे घेणारे कुणी उरले नाही. ती खाण्याच्या द्राक्षांसारखी बाजारात नेऊन विकताही येत नाहीत. अनेकांनी बागा उपटल्या वा त्यावर खाण्याच्या जातींची कलमे बांधली. किमान अडीच युरोंची मर्यादा ही त्या आठवणीतून आलेली भिंत आहे आणि शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती हवीच. परंतु ती भिंत फक्त तळाच्या मालाचे रक्षण करते. आज 700 ते 1200 रुपयांत विकली जाणारी नाशिकची चांगली शिराझ किंवा कॅबर्ने, तिच्याच तोडीला उद्या हंगेरी, स्पेन, पोर्तुगाल यांची साडेतीन-चार युरोंची बाटली येऊन बसेल. तेथे शुल्क वाचवू शकणार नाही, पेल्यातील वाइनच वाचवील.

ती वाचवील की नाही, याचा अंदाज कुणालाही घरी घेता येतो. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये झालेल्या प्रसिद्ध परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनी नावे न पाहता कॅलिफोर्नियाच्या वाइनना फ्रेंच वाइनवर सरस ठरवले होते. तोच प्रयोग धरमपेठेत करायला तज्ज्ञांची गरज नाही. सारख्या किमतीची एक नाशिकची आणि एक हंगेरीची कोरडी लाल वाइन, दोन्ही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या, दोन्ही सारख्या गार, आणि कोणती कोणती हे माहीत नसलेली चार माणसे. नाशिकच्या द्राक्षाला हिवाळ्यात पिकण्याची वेगळी शिस्त आहे. तेथे एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होतात आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. परिणामी फळाची चव उन्हात पिकलेल्या फळासारखी, अधिक भरदार असते. एगेरची वाइन सडपातळ आणि आंबट. सवयीने पहिल्या घोटाला बहुतेक जण नाशिकला कौल देतील. जेवण निम्म्यावर आल्यावर कोणत्या बाटलीतले आधी संपले, हे पाहणे मात्र अधिक विश्वासार्ह.

हा प्रयोग करायचा तर हंगाम सांभाळावा लागेल. एगेरला काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, साधी बिकावेर मुरून बाटलीत भरायला वर्षाहून अधिक काळ लागतो. आयातदाराने ती नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान न्हावा-शेवाला उतरेल अशा बेताने मागवली, तर नागपूरच्या फळीवर ती थंडीत पोहोचते. त्याच मालाचा एप्रिलमध्ये आलेला कंटेनर मे महिन्यात गोदामात उभा राहतो. दोन्ही बाटल्यांवरचे वेष्टण आणि छापील किंमत एकच असते.